सागरतळाचा दाब आणि नाजूक यंत्रे

आजचे युग हे इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे युग आहे, असे वाक्य लेखाच्या आरंभी लिहिण्याचा प्रघात आहे. आम्हीही ते लिहिणार होतो. परंतु या लेखाचा खरा आरंभ एका बंद पडलेल्या घड्याळापासून झाला, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो होतो. बरोबर दहावीत शिकणारा आमचा भाचा होता. पावसाळा नुकताच संपल्यामुळे मळ्यातली विहीर चांगली भरली होती. पोहण्याचा मोह आवरला नाही आणि घाईत मनगटावरचे घड्याळ काढायचे राहिले. त्याच्या मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' असे कोरलेले असल्याने आम्ही निर्धास्त होतो. बाहेर आलो तेव्हा काचेच्या आतून धुके धरले होते आणि संध्याकाळपर्यंत काटे थांबले.

भाच्याने बिनतोड प्रश्न टाकला. "मामा, विहिरीत पाणी किती? पस्तीस फूट. म्हणजे दहा-अकरा मीटर. त्यात तुम्ही वरच्यावरच पोहत होता. मग तीस मीटरवालं घड्याळ बुडालं कसं? आणि हे असं असेल तर समुद्राच्या तळाशी जी यंत्रं सोडतात, ती कशी चालतात?"

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. बी.ए.ला इतिहास घेतलेला आणि पुढे सारी नोकरी बँकेच्या काउंटरवर. तरी भाच्यापुढे मान खाली घालणे बरे नव्हे, म्हणून सवड मिळेल तसे वाचू लागलो. जे समजले, ते आमच्यासारख्याच विज्ञान न शिकलेल्या वाचकांसाठी येथे मांडत आहोत.

प्रथम दाब म्हणजे काय ते पाहू. आपण सर्वजण हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो. या हवेचे वजन आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो इतके असते. ते आपल्याला जाणवत नाही, कारण आपल्या शरीरातही तितकाच दाब बाहेरच्या बाजूस असतो. दोन्ही पारडी सारखी. पाण्यात उतरले की मात्र दर दहा मीटरला आणखी एकेक किलोची भर पडत जाते. म्हणजे सहा हजार मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सहाशे किलो. अंगठ्याचे नख साधारण एवढ्याच क्षेत्रफळाचे असते. त्या नखावर क्विंटलची सहा पोती एकावर एक रचली आहेत अशी कल्पना करावी. पृथ्वीवरील सर्वांत खोल जागा पॅसिफिक महासागरातील मारियाना खंदकात आहे. तिची खोली सुमारे १०,९०० मीटर. तेथे हीच पोती अकरा होतात.

आता खिशातला मोबाईल घ्या. त्याची एक बाजू सुमारे शंभर चौरस सेंटीमीटर भरते. सहा हजार मीटरवर त्या एका बाजूवर साठ टन भार येईल, आणि तितकाच दुसऱ्या बाजूवर. मोबाईलच्या जाहिरातीत 'आयपी ६८' असे जे ऐटीत लिहिलेले असते, त्याचा अर्थ कंपनीने स्वतः ठरवून दिलेल्या खोलीपर्यंत व ठरवून दिलेल्या वेळेपुरते पाणी आत शिरणार नाही, एवढाच. ही खोली बहुधा दोन, चार, सहा मीटर असते. समुद्राचा आणि तिचा काही संबंध नाही.

हे आकडे ऐकून भाच्याने साहजिकच निष्कर्ष काढला की एवढ्या दाबाखाली सगळ्याचा भुगाच होत असणार. आम्हांलाही तसेच वाटत होते. पण तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजले की या विषयाची किल्ली हाती येते.

त्यासाठी आम्ही दोघांनी त्याच विहिरीत एक प्रयोग केला. पाण्याच्या दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या. एक हवेने भरलेली तशीच बूच लावून बंद केली, दुसरी काठोकाठ पाण्याने भरून बंद केली. दोहोंना दगड बांधून दोरीने तळापर्यंत सोडले आणि सावकाश वर ओढले. पाणी निवळ असल्याने वर येतानाच दिसत होते की हवेची बाटली चिपाडासारखी चेपून गेली आहे. वर येता येता ती पुन्हा फुगली, पण अंगावर चुण्या राहिल्या त्या राहिल्याच. पाण्याने भरलेली बाटली मात्र जशी गेली तशी आली. प्लॅस्टिक तेच, खोली तीच, दाब तोच. फरक एवढाच की एकीच्या पोटात पोकळी होती, दुसरीच्या नव्हती.

दाब वस्तूला चिरडत नाही, पोकळीला चिरडतो. भरीव दगड समुद्राच्या तळाशी सुखाने पडून असतो. आपल्याकडे 'मोठे घर, पोकळ वासा' म्हणतात. समुद्र नेमका तो पोकळ वासा शोधून काढतो. त्यामुळे खोल पाण्यात चालणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र बनवणाऱ्याचे पहिले काम म्हणजे आपल्या यंत्रात पोकळी कोठे कोठे दडली आहे हे हुडकणे. बँकेत वर्षअखेरीस एका रुपयाचा फरक शोधण्यासाठी आम्ही रात्र रात्र बसतो, तसेच हे काम. एक जरी नजरेतून सुटली तरी हिशेब चुकलाच.

रेडिओ किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उघडा सर्किट बोर्ड आपण पाहिला असेल. त्यावरचे बरेचसे भाग आश्चर्य वाटावे इतके दणकट असतात. काळ्या प्लॅस्टिकमध्ये ओतलेली आय.सी. म्हणजे भरीव वडीच, आत हवा नाही. दिव्याचा एलईडीदेखील बहुधा भरीव. तोच प्रकार बहुतेक रेझिस्टरांचा. घात करतात ते दुसरेच. पत्र्याच्या उभ्या डबीसारखा दिसणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्याच्या बुडाशी रबरी बूच असते, तो दाबाखाली आत चेपतो. धातूच्या टोपीखाली पोकळी ठेवून बनवलेले जुन्या धाटणीचे ट्रान्झिस्टर, रिले, संगणकाची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क ही सारी त्याच पंक्तीतली. सर्वांत अवघड पाहुणा म्हणजे क्वार्ट्झ क्रिस्टल. आमच्या घड्याळातही तो होता. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या नळकांड्यात गारेचा एक चिमुकला चिमटा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या थरथरण्यावरच वेळ मोजली जाते. त्याच्या भोवतीची पोकळी भरून टाकावी म्हटले तर तो थरथरायचा थांबतो, आणि ठेवावी म्हटले तर समुद्र तिच्यावर टपलेला.

या पोकळीचे करायचे काय? आम्हांला वाचनात मुख्यतः तीन रीती आढळल्या. पहिली आमच्या परिचयाची, स्ट्राँगरूमची रीत. नाजूक माल आत आणि भोवती अशी भिंत की बाहेरचा दाब आत येणारच नाही. आत आपली नेहमीची हवा, नेहमीचा सर्किट बोर्ड. या भिंतीसाठी टायटॅनियम, पोलाद, ॲल्युमिनियमचे मिश्रधातू वापरतात. आकार शक्यतो गोल, कारण गोळ्यावर दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. तेवढ्याच जाडीच्या व व्यासाच्या नळकांड्याच्या भिंतीवर गोळ्याच्या दुप्पट ताण येतो. चौकोनी डबा तर नकोच, त्याची सपाट बाजू पहिल्यांदा बसते. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेण्यासाठी बनवली जात आहे. तिच्यातील माणसांच्या बसण्याचा टायटॅनियमचा गोळा २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलीमीटर जाड आहे.

भिंत कितीही जाड असली तरी दार आले, आणि दार आले की फट आली. झाकण व पेटी यांच्यामध्ये खाचेत बसवलेले रबरी कडे ही फट बुजवते. गंमत अशी की पाण्याचा दाब जितका वाढेल तितके हे कडे फटीत अधिक घट्ट रुतते, शत्रूच आपल्याला मदत करतो. मात्र त्या कड्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला, तर तेवढ्या वाटेने पाणी आत येते. आमच्या घड्याळाचे रहस्य हेच निघाले. तालुक्याच्या घड्याळजीने झाकण उघडून दाखवले, आतले रबरी कडे जुने होऊन कडक पडले होते आणि एका जागी चिरले होते. झाकणावरचे तीस मीटर म्हणजे नव्या घड्याळाला कारखान्यात दिलेला स्थिर दाब. सात वर्षे जुन्या घड्याळाला घालून विहिरीत सूर मारण्याची ती परवानगी नव्हे. यात त्या कंपनीचा दोष म्हणावा तर आमचाही आहेच.

पेटीतून बाहेर येणाऱ्या तारा ही दुसरी डोकेदुखी. प्रत्येक तारेसाठी भिंतीला भोक, आणि प्रत्येक भोक म्हणजे एक नवे दार. या भोकांच्या बाबतीत एक हकिकत आम्हांला इतकी आवडली की ती जरा सविस्तर सांगतो.

जपानची राजधानी तोक्यो. तिच्या पूर्वेकडील भागात लहान लहान कारखान्यांची दाट वस्ती आहे. कोणी रबराचे भाग करतो, कोणी पत्रा कापतो, कोणी साचे बनवतो. आपल्याकडच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांसारखेच. २००८ च्या जागतिक मंदीनंतर या मंडळींची कामे आटली. त्याच सुमारास, जानेवारी २००९ मध्ये, ओसाका शहराजवळच्या छोट्या कारखानदारांनी मिळून बनवलेला 'माइदो-१' नावाचा उपग्रह आकाशात गेला. ते पाहून कात्सुशिका भागातील एका रबर कारखान्याचे मालक युकिओ सुगिनो यांच्या मनात आले की ओसाकावाले वर गेले, तर आपण तोक्योवाल्यांनी खाली जावे. खोल समुद्राचे चित्रण करणारे यंत्र छोट्या कारखान्यांनी मिळून बनवायचे. नाव ठेवले 'एदोक्को क्रमांक १'. एदो हे तोक्योचे जुने नाव, आणि एदोक्को म्हणजे अस्सल तोक्योकर.

या कामात कारखानदारांना, दोन विद्यापीठांना आणि जपानच्या सागर संशोधन संस्थेला एकत्र आणण्याची खटपट कोणी केली असेल? तर तेथील एका स्थानिक पतसंस्थावजा बँकेने, तोक्यो हिगाशी शिनकिन बँकेने. थकबाकीच्या नोटिसा लिहिण्यात ज्याची उमेद गेली अशा आमच्यासारख्या कारकुनाला हे वाचून थोडा हेवा वाटला, हे कबूल करतो.

आधीचे बेत बरेच मोठे होते, स्वतः पोहत फिरणाऱ्या यंत्राचे. खर्चाचा अंदाज आल्यावर त्यांनी शहाणपणाने ते सोडले आणि साधा मार्ग धरला. काचेचे काही पोकळ गोळे एका चौकटीत बसवायचे. एकात कॅमेरा, एकात दिवा, एकात संपर्काची यंत्रणा. खाली वजन बांधून समुद्रात सोडून द्यायचे. ते तळाशी जाऊन बसते, चित्रण करते, आणि वरून जहाजाने ध्वनीचा इशारा दिला की वजन सुटते व गोळे आपोआप तरंगत वर येतात. इंजिन नाही, लांबलचक दोर नाही.

काचेचा गोळा ऐकून वाचक चमकले असतील. हातातून पडला की फुटणारी काच तेथे कशी टिकते? काच ओढल्यास किंवा वाकवल्यास चटकन तडकते, पण सर्व बाजूंनी सारखी दाबल्यास ती प्रचंड भार सोसते. समुद्रात तिला नेमके दाबलेच जाते. गोळ्याचे दोन अर्धे भाग असतात, वाडग्यांसारखे. त्यांच्या कडा इतक्या तंतोतंत सपाट घासतात की एकमेकींवर ठेवल्यावर मध्ये फट उरत नाही. आतील थोडी हवा ओढून घेतात म्हणजे वाडगे एकमेकांना चिकटून राहतात, बाहेरून सांध्यावर पट्टी लावतात, झाले. पुढचे बोल्ट समुद्रच आवळतो.

आता भोकांचा प्रश्न. कॅमेऱ्याच्या गोळ्याने दिव्याच्या गोळ्याला 'पेटव' म्हणून सांगायचे, तर एरवी दोन्ही काचांना भोके पाडून तार न्यावी लागते. बिनतारी संदेश पाठवावा तर खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी वीतभरातच विरून जातात, कारण खारे पाणी विजेचे वाहक आहे. येथे सुगिनोंचा रबराचा धंदा कामी आला. दोन गोळ्यांच्या मधोमध रबराचा जाड तुकडा बसवला. तेवढ्या जागेत पाणी उरले नाही, आणि रेडिओ लहरी एका काचेतून रबरामार्गे दुसऱ्या काचेत गेल्या. संदेशासाठी काचेला एकही भोक पाडावे लागले नाही. पुस्तकी विद्या असलेल्यांनाच अशी युक्ती सुचते असे नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

नोव्हेंबर २०१३ मध्ये हे यंत्र जपान खंदकात सुमारे ७,८०० मीटर खोल उतरले आणि तेथील माशांचे त्रिमितीय चित्रण घेऊन परत आले. पुढे त्याची सुधारित रूपे विक्रीसही आली.

दुसरी रीत पहिल्याच्या अगदी उलट आहे. दाबाशी भांडायचेच नाही, त्याला आत घ्यायचे. पेटी पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची, तीत सर्किट बोर्ड, आणि उरलेली सारी जागा तेलाने भरलेली. पेटीच्या एका बाजूस रबरी पडदा किंवा भाता. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत दबतो आणि तोच दाब तेलाला मिळतो. आत सहाशे, बाहेर सहाशे. पेटीच्या भिंतीवर निव्वळ भार जवळजवळ शून्य. विहिरीतली पाण्याने भरलेली बाटली आठवावी. तेलच का, तर तेल वीज वाहून नेत नाही, म्हणून सर्किट त्यात बुडूनही चालू राहते. या रीतीत जड टायटॅनियम लागत नाही. पण तिचे जाचही आहेत. भरताना तेलात हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. खूप खोलीवर तेलही थोडे आक्रसते, त्याची तरतूद भात्यात ठेवावी लागते. आणि मघाशी सांगितलेले कपॅसिटर व क्रिस्टल यांना वेगळे काढून त्यांची निराळी सोय करावी लागते. शिवाय दुरुस्ती म्हणजे तेलात बरबटलेले हात, हे कोणत्याही मेकॅनिकला विचारावे.

ही युक्ती नवी नाही. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्ते' नावाच्या यानातून मारियाना खंदकाच्या तळाशी जाऊन आले. माणसे बसली होती जाड पोलादी गोळ्यात, पण यानाला तरंगते ठेवणारी वरची भलीमोठी टाकी पातळ पत्र्याची होती. तीत सुमारे ८५ हजार लिटर पेट्रोल भरलेले होते आणि समुद्राचे पाणी खालून आत येऊ शकत होते. एकाच यानात दोन्ही रीती. चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन २६ मार्च २०१२ रोजी त्याच खंदकात एकटे उतरले, तेव्हा त्यांच्या यानाच्या बॅटऱ्या तेलात बुडवून बाहेरच्या दाबाखालीच ठेवल्या होत्या. मऊ पिशवीतल्या लिथियम बॅटरीत पोकळी जवळजवळ नसतेच, म्हणून हे जमते.

तिसरी रीत म्हणजे पोकळी मुळातच राहू द्यायची नाही. सर्किट एपॉक्सीत किंवा सिलिकॉन रबरात ओतून त्याची वडी करायची. यातही एक मेख आहे. दाबाखाली प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतो. रबर जास्त, चिप कमी. दाटीवाटीने बसवलेल्या दोन चिपांच्या सांध्यात मग ओढाताण होते आणि जोड तुटतात. चीनमधील झेजियांग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधताना खोल समुद्रात राहणाऱ्या स्नेलफिश या माशाकडे पाहिले. हा मासा आठ हजार मीटरहून अधिक खोलीवर राहतो. शरीर जेलीसारखे, आणि कवटीची हाडे एकमेकांत पक्की सांधलेली नसून सुटी सुटी असतात. त्यावरून त्यांनी आपल्या मऊ यंत्रमाशातील इलेक्ट्रॉनिक भाग एकाच बोर्डावर न ठेवता, एकमेकांपासून दूर करून मऊ सिलिकॉनमध्ये विखुरले. त्यामुळे त्यांच्यातील ताण कमी झाला. हा यंत्रमासा मारियाना खंदकात १०,९०० मीटरवर पंख हलवू शकला, आणि दक्षिण चीन समुद्रात ३,२२४ मीटरवर मोकळा पोहला. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. भोवती कवच नाही, पोलाद नाही. आम्हांला या सर्व वाचनात सर्वांत अधिक नवल वाटले ते या माशाचे.

पोकळी ठेवण्याचा धोका किती, हे दोन घटनांवरून कळेल. अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेचे 'नेरियस' हे माणूसरहित यान २००९ मध्ये मारियाना खंदकाच्या तळाशी जाऊन आले होते. ते १० मे २०१४ रोजी न्यूझीलंडजवळच्या केरमाडेक खंदकात ९,९०० मीटरवर नष्ट झाले. तरंगण्यासाठी त्यात सिरॅमिकचे अनेक पोकळ गोळे होते. त्यांपैकी एखादा आत फुटला आणि त्या धक्क्याने पुढचे सारे बिघडले असावे, असा अंदाज काढला गेला. दुसरी घटना वाचकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' पाणबुडी आत कोसळली आणि पाच माणसे गेली. तिचे कवच कार्बन फायबरचे होते. त्याच अवशेषांत एका कॅमेऱ्याची टायटॅनियमची पेटी जवळपास शाबूत सापडली आणि तिच्यातील मेमरी कार्ड वाचता आले. त्यात त्या शेवटच्या फेरीचे चित्रण नव्हते, ही गोष्ट वेगळी. माणसांना वाचवू न शकलेल्या यानावरचे छोटेसे कार्ड मात्र वाचले.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोटापाण्याशी या खटाटोपाचा काय संबंध? आम्हांला वाटते, संबंध आहे.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ समुद्रात कोसळले. ३२९ माणसे गेली. अवशेष सुमारे ६,७०० फूट, म्हणजे दोन हजार मीटर खोल पाण्यात विखुरले होते. विमानात आवाज व उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या दोन पेट्या असतात, त्यांतून ध्वनीचा ठोका निघत राहतो. त्या ठोक्यांचा माग काढत, समुद्रातील टेलिफोनच्या केबली दुरुस्त करण्यासाठी बनवलेल्या 'स्कॅरब' नावाच्या दूरनियंत्रित यंत्राने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पेट्या वर काढल्या. त्या मुंबईस आणण्यात आल्या आणि ध्वनिफितीचा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीत विमान बॉम्बने पडले असा निष्कर्ष निघाला. त्या पेट्या आणि ते यंत्र दाबाखाली टिकले नसते, तर मेलेल्यांच्या नातेवाइकांना आपले माणूस कशाने गेले हेदेखील नीट कळले नसते.

पुढे १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये पडले, २२८ बळी गेले. पेट्यांच्या ठोक्याची बॅटरी तीस दिवसांचीच होती, ती संपली. विमान सापडायला एप्रिल २०११ उजाडले, तेही ३,९०० मीटर खोल. जवळजवळ दोन वर्षे खाऱ्या पाण्यात पडलेल्या त्या पेट्यांतील मेमरीच्या चिपा स्वच्छ करून, वाळवून वाचल्या, तर सगळी नोंद जशीच्या तशी. पेटीत पाणी शिरले होते, पण चिप भरीव. आत-बाहेर दाब सारखा झाल्यावर चेपण्यासारखे काही उरलेच नव्हते. यानंतर ठोक्याची मुदत तीस दिवसांवरून नव्वद दिवस करण्यात आली. एवढी माणसे जावी लागली, तेव्हा बॅटरी मोठी झाली.

आणि त्सुनामी. २६ डिसेंबर २००४ ला तमिळनाडू, आंध्र, केरळ आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर जे घडले ते सर्वांना आठवत असेल. समुद्रकाठच्या झोपड्यांत राहणारा कोळी समाजच त्यात अधिक भरडला गेला. तेव्हा आपल्याकडे इशारा देणारी यंत्रणा नव्हती. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून ती चालते. तिचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे समुद्रतळाशी ठेवलेले दाबमापक. बंगालच्या उपसागरात आणि आपल्या अरबी समुद्रातही. या मापकांत दाबाचा शत्रूच नोकरीस ठेवला आहे. गारेचा थरथरणारा स्फटिक दाबाखाली किंचित ताणला जातो आणि त्याची थरथर बदलते. तो बदल मोजून वरच्या पाण्याची उंची कळते. हजारो मीटर पाण्याच्या तळाशी बसून वरच्या पाण्यात एका सेंटीमीटरचा चढउतार झाला, तरी अशा यंत्रास समजते. अरबी समुद्राला त्सुनामी नवी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपानंतर लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि येथेही माणसे वाहून गेली होती.

हे सारे भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तेलाचं मला पटत नाही. करून बघू या."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा गावी गेलो. विहिरीत आता वीस-बावीस फूटच पाणी होते. किल्लीच्या जुडग्याला लावतात तो एलईडीचा छोटा दिवा घेतला, त्याचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले. वरची प्लॅस्टिकची टोपी काढून टाकली, जेणेकरून आत पोकळी राहू नये. ताईकडून रिकामी झालेली गोडेतेलाची पिशवी आणि वाटीभर शेंगदाणा तेल मागून घेतले. तेल वाया घालवणार म्हणून तिने बरेच ऐकवले. पिशवीत दिवा टाकला, तेल ओतले, बुडबुडे एकेक करून वर पिळून काढले आणि तोंड दोऱ्याने करकचून बांधले. तेल तरंगते, म्हणून खाली दगड. संध्याकाळी अंधार पडता पडता दोरी सोडू लागलो. पिवळसर ठिपका खाली खाली जात राहिला, तळाशी पोहोचल्यावर नुसती अंधूक झळाळी दिसत होती. भाच्याने मनात शंभर आकडे मोजले आणि दोरी ओढली. दिवा पेटलेलाच होता. पिशवीच्या एका कोपऱ्यातून मात्र तेल थोडे गळले होते. आता आणखी जाड पिशवी शोधायची, असे त्याने ठरवले आहे.